सत्कारमूर्तीचा विनय

"तुझा भाऊ हल्ली फोनवर 'मस्त' म्हणायला लागलाय. लक्ष दे जरा," असं सासूबाईंनी मला होळीच्या सुमारालाच सांगितलं होतं. मी तेव्हा इराच्या तोंडात औषधाचा चमचा घालत होते. दोन वर्षांची मुलगी चमच्यावर दात आवळून बसली असताना कोण शब्दांचा कीस काढत बसणार. मी म्हटलं, आई, मस्त म्हणतोय म्हणजे मस्तच असेल. माझ्या सासूबाई, अलकनंदाबाई, मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या सरकारी शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. मूल 'हजर' कसं म्हणतं त्यावरून घरात काय चाललंय ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्यावर हसायचो.

रजत माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा त्याचा अभ्यास मीच घ्यायची. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि लग्न होऊन तिरोडीहून बालाघाटला आले. तो पुढे शिकत गेला आणि आता दूर दक्षिणेकडच्या एका संस्थेत पीएच.डी. करतोय. पदार्थ खूप थंड करायचे आणि त्यांतून वीज कशी जाते ते मोजायचं, हे त्याचं काम. 'कसं चाललंय रे' विचारलं की तो वर्षानुवर्षं एकच उत्तर द्यायचा, "चालून राह्यलं, ताई." त्यात कंटाळा असायचा, भूक असायची, कधी गाइडवरचा राग असायचा. 'मस्त' या शब्दात यातलं काहीच नव्हतं, हे मला आता कळतंय.

एप्रिलमध्ये त्याच्या संस्थेनं पत्रक काढलं की नवा सुपरकंडक्टर सापडला. सुपरकंडक्टर म्हणजे पुरेसा थंड केला की ज्यातून वीज अजिबात न अडखळता जाते असा पदार्थ. क्वांटम कॉम्प्युटरचे काही प्रकार अशाच पदार्थांवर चालतात, आणि त्यांची मोठी अडचण ही की जरासा धक्का लागला तरी त्यांच्यातली माहिती विसकटते. पत्रकाप्रमाणे या नव्या पदार्थातल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्याच अशा वेगळ्या होत्या की माहिती विसकटण्याचं प्रमाण फार कमी होऊ शकेल, आणि त्याला इतरांइतकं थंडही करावं लागणार नाही, अशी शक्यता आहे. 'होऊ शकेल' आणि 'शक्यता आहे' हे शब्द पत्रकात होते. तिथून बालाघाटपर्यंत येता येता ते गळून पडले. आमच्या इथल्या हिंदी पेपरात आलं की जिल्ह्याच्या मुलानं क्वांटम कॉम्प्युटर बनवला.

असे शोध मी कॉलेजपासून बघतेय. दर काही महिन्यांनी एक येतो, जग बदलणार म्हणतात, व्हिडिओ निघतात. मग कुठल्या तरी दुसऱ्या देशातला कोणी तोच पदार्थ बनवून बघतो आणि त्याला काहीच सापडत नाही. ही दुसरी बातमी कोणी छापत नाही. आणि समजा, सापडलाच खरा पदार्थ, तरी त्याचा पातळ थर बनवायचा, तो टिकवायचा, त्याचे जोड बनवायचे, त्यातल्या चुका मोजायच्या. कॉम्प्युटर अजून कुठल्या कुठे राहिला. हे मी घरी सांगायला लागले की माझा नवरा अनुराग म्हणायचा, "तू त्याची बहीण आहेस की परीक्षक?"

मी रजतचा शोधनिबंध डाउनलोड करून वाचला. इरा मांडीवर झोपलेली, मोबाइलचा उजेड तिच्या डोळ्यांवर पडू नये म्हणून हात आडवा धरलेला. मुख्य आलेखातली रेघ उतरत उतरत येत होती आणि एका ठिकाणी कडा कापल्यासारखी शून्यावर पडत होती. इतकी स्वच्छ रेघ बघून कोणालाही आनंद व्हावा. मला खटकली. नमुना एकच, रेघ एकच. मी रजतला फोन करून विचारलं की दुसऱ्या नमुन्याचं काय. तो म्हणाला, मस्त आहे ना ताई सगळं, तू इराकडे बघ.

तोवर प्रीतमनं फ्लेक्स लावला होता. प्रीतम कोचिंग क्लास चालवतो. रजत अकरावीत असताना काही महिने त्याच्याकडे जायचा, तेवढ्या भांडवलावर काली पुतली चौकात रजतचा मिशी फुटायच्या आधीचा फोटो झळकला, खाली लिहिलेलं, 'हमारे रजत का क्वांटम कंप्यूटर.' मी इराला कडेवर घेऊन त्याच्या क्लासवर गेले आणि म्हटलं की कॉम्प्युटर कोणी बनवलेला नाही, एका पदार्थाचा विद्युतरोध मोजलाय, तोही एकदाच. त्यानं मला खुर्ची दिली, इराला बिस्किट दिलं आणि सांगितलं, "दीदी, पब्लिक को प्रतिरोध समझ में नहीं आता. कंप्यूटर समझ में आता है." इरानं बिस्किटाचा चावा घेतला. मी ते तिच्या हातातून काढून घेण्याच्या नादात पुढचं बोलायचं विसरले.

समाज भवनात सत्कार ठरला. प्रीतमनं ठरवला आणि आमच्या बाबांनी हो म्हटलं. बाबा, म्हणजे भोजराजजी, तिरोडीच्या मॅंगनीज खाणीच्या ऑफिसात होते. दगडाची प्रत तपासून आल्याशिवाय वॅगन हलायची नाही, हे मी लहानपणापासून त्यांच्याच तोंडून ऐकत आले. फोनवर मी त्यांना तेच ऐकवलं. म्हटलं, बाबा, तुमच्या खाणीत एक दगड चमकला म्हणून कोणी गाडी भरत होतं का? दोनदा तपासायचे ना?

"ते दगड होते बाई," बाबा म्हणाले. "हे सायन्स आहे. आन एवढे मोठे सर, त्याहिले कळत नसन का? तुले काहून त्रास होऊन राह्यला?"

या 'काहून'चा, म्हणजे 'का'चा, रोख मला कळला. शिक्षण सोडून घरी बसलेल्या बहिणीला भावाचं कौतुक सोसत नाही, असं त्यांनी म्हटलं नाही. पण मामेबहीण दीपिकानं हसत हसत म्हटलं, आणि बाकीच्यांनी ती हसतेय म्हणून चालवून घेतलं.

रजत सत्काराच्या दोन दिवस आधी आला. गोंदियाहून गाडी बदलून, तिरोडीला न जाता थेट आमच्या घरी. उंच आहेच, पण आता वाळला होता. आल्या आल्या त्यानं इराच्या छातीला कान लावला आणि म्हणाला, "हिची छाती वाजते अजून." दारात पाऊल टाकल्याबरोबर माझ्या मुलीची छाती ऐकणारा माणूस या जगात मी सोडून तो एकच आहे.

दुपारी सासूबाई आत झोपल्या होत्या. आम्ही मागच्या ओट्यावर बसलो होतो, इरा कपड्यांचे चिमटे बादलीत टाकत होती आणि बाहेर काढत होती. तो तिच्या चिमट्यांकडे बघत बोलायला लागला. त्यानं सांगितलं की नमुन्याला चार बारीक तारा लावतात, चांदीच्या लेपानं चिकटवून. दोन तारांतून वीज पाठवायची आणि दुसऱ्या दोन तारांवर बघायचं की वाटेत किती अडली. अडली नाही, तर शून्य दिसतं. तो प्रसिद्ध आलेख निघाला त्या दिवशी सगळी लॅब नाचली. नंतर नमुना बाहेर काढला तर वीज पाठवणारी एक तार सुटून लोंबत होती.

मला पुढचं कळलं, पण त्यालाच म्हणू दिलं.

"ताई, करंट जातच नव्हता," तो म्हणाला. "जे गेलंच नाही, ते अडन कुठं?"

विजेचं मीटर फिरत नाही तेव्हा वीज फुकट झालेली नसते, लाइट गेलेली असते. इतकी साधी गोष्ट. त्यानं ती गाइडला सांगितली होती. गाइड म्हणाले, तार नमुना परत गरम होताना सुटली असेल, मोजताना ठीक असेल. असंही होऊ शकतं, हे रजतलाही मान्य होतं. म्हणून त्यानं तोच नमुना पुन्हा लावला. मग नवे बनवले. रोध खाली यायचा, पण शून्य कधीच नाही. गाइड म्हणाले, पहिला नमुना तेव्हा ताजा होता, आणि नव्यांत तुझा हात बिघडलाय. तेवढ्यात निबंध छापून आला, पत्रक निघालं, आणि नावांच्या ओळीत रजतचं नाव पहिलं.

"मंग तू म्हटलं काहून नाही?" मी विचारलं.

"म्हटलं ना. तेच तं म्हणून राह्यलो. ज्याले सांगतो तो म्हणते, टेन्शन घेऊन राह्यला तू, चार दिवस घरी जाऊन ये. म्हणून आलो घरी. अन् घरी येतो तं चौकात माझं पोस्टर."

तो हसला आणि इरानंही हसून त्याला एक चिमटा दिला.

त्यानं बाबांना सत्कार रद्द करायला सांगितलं. मी फोनला कान लावून बसले होते. बाबा म्हणाले की अर्ध्या तिरोडीला सांगून झालंय, जीप ठरलीय, तू काही बोलू नको, फक्त बस. प्रीतम म्हणाला की कार्यक्रम तर होऊ द्या भैया, खुलासा बाद में कर लेंगे. अनुराग म्हणाला, एक शालच तर आहे. शेवटी रजतनंच ठरवलं की जायचं आणि माइकवर सगळं सांगून टाकायचं. त्याचा चेहरा त्या संध्याकाळी जरा मोकळा झाला. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मला वाटलं, सुटला आता.

समाज भवन भरलं होतं. शाल, श्रीफळ, क्लासच्या मुलांचं स्वागतगीत, चार जणांची भाषणं. प्रत्येक भाषणात कॉम्प्युटर मोठा होत गेला. शेवटच्या वक्त्यानं त्याच्याकडून पाऊसपाण्याचा अंदाज आणि कॅन्सरचं औषध दोन्ही काढून घेतलं. मी मागे दाराजवळ उभी होते, इरा खोकली की बाहेर नेता यावं म्हणून. मग रजत उठला. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलला, हळू, कागद न घेता. म्हणाला, हा शोध माझा नाही, कारण हा शोधच नाही. आमच्या मोजमापात चूक आहे. एक तार सुटली होती. मी या सत्काराला पात्र नाही, मला माफ करा.

पहिली टाळी कुठून आली ते मला दिसलं नाही. पण ती आली, आणि मग सगळं भवन टाळ्यांनी भरून गेलं. लोक उभे राहिले.

आपल्याकडे सत्काराला उभा राहिलेला प्रत्येक माणूस हेच बोलतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी काही केलं नाही, मी याला लायक नाही, हे श्रेय माझं नाही. निवृत्त होणारे हेडमास्तर म्हणतात, बँकेतले मॅनेजर म्हणतात, माझ्या सासूबाईही म्हणाल्या होत्या. ऐकणाऱ्यांचे कान त्याला सरावलेले. रजतनं जे सांगितलं ते त्यांनी ऐकलंच, पण सत्काराचं भाषण म्हणून ऐकलं. प्रीतमनं माइक हातात घेऊन म्हटलं, "इसे कहते हैं संस्कार. इतना बड़ा वैज्ञानिक, और कहता है कि मैंने कुछ नहीं किया." बाबा शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते.

रजतनं पुन्हा माइक मागितला. म्हणाला, नाही, मी खरंच सांगतोय. तर टाळ्या आणखी वाढल्या.

मी तेव्हा त्याचा चेहरा पाहिला. इरा माझ्या खांद्यावर खोकत होती आणि मी तिला बाहेर न्यायचं विसरले. पाण्यात हातपाय मारणाऱ्या माणसाला काठावरचे लोक हात हलवून दाखवताहेत, असा तो चेहरा होता. नंतर तो खाली बसला, आणि शाल नीट करून मांडीवर ठेवली. मी पुढे जायला हवं होतं. पण मधे खुर्च्या होत्या, लोक होते, सगळे उभे.

जेवणाच्या वेळी मी एकेकाला गाठून सांगितलं. अहो, तो खरं बोलतोय, शोध चुकलाय. एका काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, भाऊ तशीच बहीण, दोघंही साधी लेकरं. यावर माणसानं काय करावं? मी घरी येऊन भांडी आपटली. सासूबाईंनी आपटलेली पातेली पुन्हा नीट लावली.

रजत दुसऱ्या दिवशी परत गेला. आणि इथे ज्याच्या वाट्याला टाळ्या आल्या, तेच भाषण तिकडे पोचलं. प्रीतमनं व्हिडिओ टाकला होता, 'विनम्रता की मिसाल' असं लिहून. तो फिरत फिरत त्याच्या लॅबमधल्या कोणापर्यंत गेला. तिथल्या लोकांना सत्काराचे कान नाहीत. त्यांना सरळ ऐकू आलं की आमच्या विद्यार्थ्यानं भरसभेत आमचा निबंध खोटा म्हटला. त्या व्हिडिओत 'एक तार सुटली होती' या वाक्यानंतर इराचा खोकला ऐकू येतो, मग टाळ्या. मी तो खूप वेळा पाहिलाय.

गाइडनी त्याला बोलावून विचारलं की आधी आमच्याशी बोलायचं सोडून तू गावाकडे सभा कशी घेतलीस. आपण आधी त्यांच्याशीच बोललो होतो, याची त्यानं आठवण करून दिली. त्यानंतर लॅबचं दार त्याच्या कार्डानं उघडेना. मेसमध्ये त्याच्या टेबलावर कोणी बसेना. एवढं त्यानं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मग सांगणं बंद झालं आणि पुन्हा 'मस्त' सुरू झालं. कसा आहेस, मस्त. जेवलास का, मस्त जेवलो. झोप लागते का, एकदम मस्त. मी सासूबाईंसमोर फोन स्पीकरवर ठेवला. त्या ऐकत राहिल्या आणि फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "पौर्णिमा, कोणाला तरी पाठव."

मला जायचं होतं. इराच्या छातीत कफ भरला होता आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं होतं. बाबांचा फोन तो उचलेनासा झाला होता, तरी त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मोठ्या मानसाले फोन उचलाले टाईम भेटत नाही बाई. तू उगीच घोर लावून घेऊन राह्यली." खरं सांगितलं तरी विनय, गप्प राहिला तरी मोठेपणा. या मुलानं नेमकं काय केलं म्हणजे ते जसंच्या तसं ऐकू जाईल, मला कोणी सांगा.

शेवटी अनुराग सुट्टी काढून जाऊन आला. परत आला तो खुशीत. रजतनं त्याला शहर दाखवलं, डोसा खाऊ घातला, स्टेशनवर सोडायला आला. "तू उगाच घाबरतेस. मस्त आहे तो," अनुराग म्हणाला. मी विचारलं, खोली कशी होती? म्हणाला, एकदम स्वच्छ, टेबलावर एक कागद नाही. माझ्या भावाच्या खोलीत लहानपणापासून पाय ठेवायला जागा नसायची. मग अनुरागनं पिशवीतून सत्काराची शाल काढली, अजून प्लॅस्टिकमध्येच. रजतनं इरासाठी पाठवली होती, थंडीत छातीवर पांघरायला. मी विचारलं, आणि काय म्हणाला? म्हणाला, माझं इथं काही अडत नाही.

अनुरागला यात काही वाटलं नाही. प्रेमानं दिली, म्हणाला. दिली असेल प्रेमानंच, पण आवराआवर करणारा माणूसही अशाच वस्तू वाटून टाकतो. मी ती शाल उघडली नाही. कपाटात वरच्या फळीवर ठेवली, आणि त्याला मेसेज केला की शाल तुझीच आहे, न्यायला ये. उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र आलं.

मधे आणखी एका देशातून बातमी आली, आणखी एक सुपरकंडक्टर, आणखी एक क्वांटम कॉम्प्युटर. प्रीतमनं ती मला पाठवली, खाली लिहिलं की अपना रजत इनसे पहले था. त्या बातमीतला आलेख मी मोठा करून पाहिला, पण या वेळी रेघेकडे नाही, नावांच्या ओळीकडे. पहिलं नाव कोणाचं आहे, ते पोर जेवलं असेल का, हेच डोक्यात येत राहिलं.

इरा बरी झाली की मी जाणार आहे. तोवर तुम्हाला सांगतेय. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, लिहिलं तर त्याचंच आणखी नुकसान होईल. पण तुम्ही अशा एखाद्या संस्थेच्या आसपास राहत असाल, तर संध्याकाळी मागच्या फाटकाशी चहाच्या टपरीवर एकदा चक्कर मारा. उंच, वाळलेला मुलगा एकटा बसलेला असेल. डाव्या अंगठ्यावर पांढरट चट्टा आहे, अतिथंड नायट्रोजन सांडला होता त्याचा. तो नसेल तर त्याच्यासारखा दुसरा कोणी असेल. त्याला शोधाबद्दल विचारू नका, आणि त्याचं कौतुकही करू नका. जेवलास का, एवढंच विचारा. तो 'मस्त' म्हणाला, तर उठून जाऊ नका. शेजारी बसा, आणखी एक चहा सांगा, आणि परत विचारा.